बिनतारी मखर

उल्का देवस्थळीने गेले तीन आठवडे नवऱ्याशी धड बोलणं टाकलं होतं. फोन होत होते, नाही असं नाही. नुपूरचा डबा, शाळेची सूचना, प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार, एवढं झालं की ती "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची. मग जपानमधल्या सेंदाई शहरातल्या त्या एका खोलीच्या घरात तिला चरफडत बसायला मोकळं रान मिळायचं. कारणही तसंच होतं. तिच्या सहा वर्षांच्या कामावर सुशीलने, ज्याने तिला सगळ्यात आधी सांभाळून घ्यायचं त्यानेच, पाणी फिरवलं होतं. तेही गणपतीसमोर उभं राहून, लोकांच्या टाळ्या घेत.

उल्का विजेची इंजिनिअर. विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत तिचं दहावं वर्ष चालू होतं आणि तेच शेवटचं होतं. करार एकतीस मार्चला संपत होता. दहा वर्षांच्या वर ठेवलं की माणूस कायम नोकरी मागू शकतो, म्हणून दहावं भरता भरता हातात नारळ द्यायचा, हे तिने आजूबाजूला पुष्कळ पाहिलं होतं. आणि नारळही इतक्या वेळा कमरेत वाकून देतात की घेणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. सुशील टोकियोत निशी-कसाईला राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये होता. नऊ वर्षांची नुपूर त्याच्याकडेच असायची. उल्का एक शनिवार सोडून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, घरी जायची आणि रविवारी संध्याकाळी परत. हे तीन आठवडे मात्र ती तिकडे फिरकली नव्हती.

तिने शोधलं होतं ते असं. वायरीशिवाय वीज पोचवता येते हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. तारेच्या एका वेटोळ्यात वीज खेळवली की समोरच्या दुसऱ्या वेटोळ्यात ती उमटते. पण ते दुसरं जरा तिरपं झालं की खेळ खलास. ज्या पेशंटच्या छातीत हृदयाला मदत करणारा पंप बसवतात, त्याच्या पोटातून म्हणूनच एक वायर बाहेर काढावी लागते, आणि त्या भोकातून जंतू शिरतात. झोपेत कूस बदलली तरी पंपाला वीज मिळत राहील असं वेटोळं कोणाला जमत नव्हतं. उल्काने तांब्याच्या तारेच्या तीन पदरांची वेणी घालून ते जमवलं. कसंही वाकडं धरा, दिवा विझत नाही. सांगायला चार वाक्यं लागली. करताना चारशेच्या वर वेटोळी भंगारात गेली, बोटांची सालटी निघाली आणि नुपूरचे तीन वाढदिवस उल्काने फोनच्या पडद्यावर बघितले.

पंप बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीला हे हवं होतं. युरोपचं पेटंट मिळण्यासारखं असेल तर कंपनी विद्यापीठाशी करार करणार होती, आणि त्या करारात उल्काची जागा पक्की होती. पेटंट नसेल तर कंपनीला रस नव्हता, आणि कंपनी नसेल तर विद्यापीठाला नव्हता. एवढं साधं गणित होतं.

अर्ज खरं तर उन्हाळ्यातच जायला हवा होता. पण इथे कागद चालत नाही, रांगतो. आधी ज्याला विचारायचं त्याला विचारण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं, मग एकेकाचा शिक्का. उल्काचे प्रमुख एन्दो-सेन्सेई दर महिन्याला अत्यंत सौम्यपणे म्हणायचे, "अजून एकदा मोजून बघू या का?" ती मोजायची. आकडा तोच यायचा. ते समाधानाने मान हलवायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. एकदा तर तिने मोजलंच नाही, जुनाच आकडा नवी तारीख घालून दिला, तेव्हा ते म्हणाले, "आता खात्री वाटते."

असं करता करता फेब्रुवारी उजाडला आणि जर्मन वकिलांचा मेल आला. मेलमध्ये एक यूट्यूबची लिंक होती. निशी-कसाई गणेशोत्सव, भाग दोन, अठ्ठेचाळीस मिनिटं. तिथल्या मराठी मंडळाच्या चारुदत्तने कौतुकाने चढवलेला व्हिडिओ. त्यात अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर झब्बा घातलेला सुशील हसत हसत तांब्याचं वेटोळं कॅमेऱ्यासमोर धरतो आणि एकेका वेढ्यावरून बोट फिरवून वेणी कशी घातली आहे ते दाखवतो. चित्र इतकं स्वच्छ होतं की ते बघून कोणाही इंजिनिअरने घरी तसं वेटोळं केलं असतं.

विद्यापीठाच्या पेटंट कचेरीतल्या होरिगुची-साननी उल्काला बोलावून, दोनदा माफी मागून, नियम सांगितला. अर्जाच्या आधी शोध जगजाहीर झाला की युरोपात पेटंट मिळत नाही. जपानमध्ये वर्षभराची सवलत आहे, इथलं काम निभावेल. युरोपात नाही.

आता सप्टेंबरात झालं होतं ते ऐका. मंडळाने गणपतीसाठी जो हॉल घेतला होता त्याच्या नियमांची यादीच दोन पानांची होती. भिंतीला टेप लावायची नाही, खिळा तर नाहीच, आणि जमिनीवरून वायर न्यायची नाही, कोणी अडखळेल. म्हणजे मखराला दिवे नाहीत! सगळ्यांची तोंडं उतरली. उल्का त्या शनिवारी घरी आली होती. नियमांना ती दहा वर्षं तोंड देत होती, आणि या एका नियमाला धडा शिकवायची तिला भलतीच खुमखुमी आली. घरात उरलेल्या तारेची वेटोळी तिने स्वतः गुंडाळली, एक मोठं चौरंगाखाली ठेवलं, बाकीची फुलांत झाकून इवल्या दिव्यांसकट मखरात टांगली. चौतीस दिवे, एकही वायर नाही, वाऱ्यावर डोलतायत आणि विझत नाहीत. हॉलचा व्यवस्थापक येऊन ओणवा होऊन वायर शोधत राहिला. पुढचं तिला आठवत होतं ते असं, की ती मागे ओट्यापाशी मोदकांच्या वाफेत उभी होती. आणि ती तिकडे असताना सुशीलने पुढे जाऊन आपली अक्कल पाजळली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात त्याचा होता आणि अवलक्षण हिच्या वाट्याला आलं.

"तुला काय कळणार सहा वर्षं म्हणजे काय ते!" मेल आला त्या दिवशी ती फोनवर ओरडली होती. "तुला चार टाळ्या हव्या होत्या, मिळाल्या. आता बस वाजवत!"

सुशील काही बोलला नव्हता. त्याच्या त्या न बोलण्यानेही ती भडकली होती.

मग होरिगुची-साननी एक वाट शोधून काढली. शोधकाने विश्वासाने दाखवलेली गोष्ट कोणी जाणूनबुजून, शोधकाचं नुकसान होईल हे ठाऊक असून फोडली असेल, तर युरोपचा कायदा ते जाहीर होणं धरत नाही. फक्त सहा महिन्यांच्या आत अर्ज पोचला पाहिजे, म्हणजे चौदा मार्चपूर्वी. त्यासाठी सुशीलने लिहून द्यायचं, की हे गुपित आहे हे मला माहीत होतं, आणि मी पत्नीचा विश्वास मोडून ते उघड केलं. शेवटी सही आणि शिक्का.

"पाठव," सुशील फोनवर म्हणाला. "करतो सही."

एवढंच. ना "सॉरी", ना "अगं पण". सुशीलच्या कंपनीत बँकांची कामं चालायची. गुपित फोडल्याचा असा सहीशिक्क्याचा कागद उद्या तिथे कोणाच्या हाती लागला असता तर त्याला आधी दुसऱ्या टेबलावर बसवला असता आणि मग दाराबाहेर. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण उल्काला त्याच्या निमूटपणात त्याचा गुन्हाच दिसला. चूक केली आहे म्हणूनच मुकाट सही करतोय, असं तिने मनाशी पक्कं केलं.

एकच काम उरलं होतं. त्या जागेच्या आवाजाचा जपानी तर्जुमा जोडायचा होता. "आमच्याकडे मराठी जाणणारं कोणी नाही," होरिगुची-सान म्हणाले. "जर्मनीतही नसणार. तुम्हीच करून द्या, देवस्थळी-सान. तुमच्यावर आमचा विश्वास आहे."

आठ मार्चला, शनिवारी, ती सहीचा कागद घेऊन सकाळच्या शिंकान्सेनमध्ये बसली. तर्जुमा गाडीतच उरकू म्हणून लॅपटॉप उघडला, इयरफोन घातले. तोवर तिने तो व्हिडिओ आवाजाशिवायच पाहिला होता. सुशीलचा तो हसरा चेहरा बघूनच तिचं डोकं फिरायचं, वर त्याचं बोलणं ऐकायची तिची तयारी नव्हती. चारुदत्तने व्हिडिओ काढून टाकला होता, पण होरिगुची-साननी पुरावा म्हणून प्रत ठेवली होती. तिने अकरा मिनिटांवर आणून ठेवला.

"तर मंडळी," सुशील म्हणत होता, "हे आमच्या मिसेसचं संशोधन. ना वायर, ना बॅटरी."

"अहो, मग आत आहे काय?" कोणीतरी विचारलं.

"आत वेटोळं आहे. म्हणजे तारेचं. पुढचं मला विचारू नका."

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागून एक बाई खळखळून हसली. "अरे, उलटं धरलंयस ते! जवळ आण जरा. हं. आता बघा सगळ्यांनी. दोन पदर वरून, तिसरा खालून, आणि दर सातव्या वेढ्याला अदलाबदल. सातव्याच हं! सहाव्याला केलीत की गेलं कामातून. सुशील, बोटाने मोजून दाखव ना, दिसू दे लोकांना."

"अगं, हे असं सगळं सांगायचं का पण?" सुशील हळूच म्हणाला.

"सांग रे! इथे कोण चोरणार आहे? पाटीलकाका?"

मोठा हशा पिकला आणि सुशीलने बोटाने वेढे मोजायला सुरुवात केली.

ही कोण आगाऊ बाई, असंच उल्काच्या मनात आलं. चारुदत्तची बायको चारुता असेल, तिला प्रत्येक गोष्टीत बोलायची सवय. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग सातव्या वेढ्यापाशी तिचा हात थांबला. सहाव्याला का नाही आणि सातव्यालाच का, हे समजायला तिला पावणेदोन वर्षं लागली होती. ते तिने एन्दो-सेन्सेईंना सांगितलं होतं, एवढंच. चारुताला ते कुठून कळणार?

तिने तिसऱ्यांदा ऐकलं, चौथ्यांदा ऐकलं. मोदकांची वाफ आठवत होती ती खरी होती, पण ती नंतरची असणार. नाहीतर आधीची. "मूर्ख!" ती मोठ्याने म्हणाली, आणि पलीकडच्या सीटवरच्या गृहस्थांनी उगाचच माफी मागितली.

निशी-कसाईला घरात शिरली तेव्हा सुशील पोह्यांना फोडणी देत होता. तिने पायातले बूटही नीट लावले नाहीत.

"तो आवाज माझा आहे, हे तुला ठाऊक होतं?"

सुशीलने गॅस बारीक केला. "हो."

"कधीपासून?"

"तुझा फोन आला त्या दिवशीच पूर्ण बघितला मी तो."

"मग तीन आठवडे तोंड शिवलं होतं का? मी तिकडे तुझ्या नावाने शंख करतेय, चोराच्या उलट्या बोंबा चालल्यायत माझ्या, आणि तू आपला हो हो करत ऐकून घेतोयस!"

"काय करणार होतो? 'अगं, तूच बोललीस' म्हणून लावून दाखवू तुला? ऑलरेडी नोकरी जातेय तुझी, त्यात वर हे?" तो पोहे परतत म्हणाला. "माझ्यावर चिडलीस की तू निदान जेवतेस तरी. स्वतःवर चिडलीस की तेही सोडतेस. मागच्या वर्षी पाहिलंय मी."

 वीस दिवस उल्काच्या रागाला एक जागा होती, ती एकदम गेली. राग मात्र होता तिथेच होता. एन्दो-सेन्सेईंवर काढावा, तर त्यांनी फक्त मोजायला सांगितलं होतं. हॉलवाल्यांवर काढावा, तर त्यांनी फक्त वायर नको म्हटलं होतं. तिला रडू आलं नाही. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला आणि तिने तो मारून घेतला.

"हे बघ," सुशीलने बशी तिच्यापुढे सरकवली. "आण तो फॉर्म. तिकडे कोणाला मराठी येतंय? तर्जुम्यात ती वाक्यं माझ्या नावावर टाक. दोन मिनिटांचं काम आहे. पेटंट होईल, तू सेंदाईत राहशील, ते पंपवाले पेशंट सुटतील वायरीतून. एक खोटं, बास. कोणाचं नुकसान आहे त्यात?"

"तुझं आहे. तुझ्या कंपनीला कळलं तर?"

"माझं मी बघतो गं."

त्याने खरोखरच सही केली, शिक्का उमटवला, शाई वाळायला फुंकरही मारली. उल्काने त्याला अडवलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. चारशे वेटोळी, सहा वर्षं आणि एका सहीत सगळं परत! तिला ते हवं होतं. मोह झाला असं म्हणणंसुद्धा कमीच पडेल. बशी हातात घेऊन ती मनातल्या मनात तर्जुम्याची खोटी वाक्यं जपानीत जुळवायलाही लागली होती, आणि ती चांगली जुळत होती.

नुपूर आतून आली आणि टेबलावरचा कागद वाचायला लागली. ती इथलीच शाळा शिकलेली. जे वाचायला तिच्या आईबापाला शब्दकोश लागायचा ते ती सहज वाचायची. एका शब्दावर बोट ठेवून तिने विचारलं, "पापा गा उरागित्ता नो?"

"मराठीत बोल," उल्का सवयीने म्हणाली.

"बाबांनी... फसवलं तुला?" नुपूरने जुळवून जुळवून विचारलं. "इथे लिहिलंय. काय केलं त्यांनी?"

सुशील म्हणाला, "काही नाही गं, ऑफिसचं काम आहे."

"पण खाली बाबांचा शिक्का आहे." नुपूर आईकडेच बघत होती. "खरं आहे?"

ज्या बाईने दहा वर्षं एकाही आकड्यात लबाडी केली नव्हती, सेन्सेईंची ती एक तारीख सोडली तर, तिला आपल्या मुलीच्या साध्या प्रश्नाला हो म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं. "हो" काही बाहेर पडलं नाही. "नाही" म्हणायचीही हिंमत झाली नाही, कारण नाही म्हटलं की सगळं संपलं. ती नुपूरवरच खेकसली, "मोठ्यांचे कागद वाचायचे नसतात!" नुपूर रडत आत गेली. पोहे तसेच राहिले.

रविवारभर ती लॅपटॉपपुढे बसून होती. दोन्ही तर्जुमे तयार केले, एक खरा, एक खोटा, आणि दोन्ही छापून घ्यायला खालच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, गेली. मशीनपुढे उभं राहून पडद्यावर खोटा दोनदा वाचला. त्यात सुशीलच्या तोंडी सातवा वेढा होता. सुशील, ज्याला घरातला फ्यूज कुठे आहे हे अजून विचारावं लागतं! तो कागद वाचताना तिला त्याची लाज नाही वाटली, स्वतःची वाटली. वाईट याचं वाटलं की खोटा कागद खऱ्यापेक्षा फार सुबक झाला होता. तिने खरा तेवढा छापला आणि खोटा पुसून टाकला. पुसल्यावर मोकळं वगैरे काही वाटलं नाही. बैल गेला आणि झोपा केला, आणि झोपा करायलाही पुन्हा आपणच, या विचाराने ती कोंबिनीतून घरापर्यंत दात ओठ खात आली.

सोमवारी सकाळी होरिगुची-साननी तर्जुमा सावकाश वाचला. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. बोलणाऱ्यांच्या नावांमध्ये कॅमेऱ्यामागच्या बाईपुढे 'देवस्थळी उल्का, शोधक' असं लिहिलं होतं. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर ती जागा लावली आणि त्यांना एक अक्षर कळत नसताना डोळे मिटून ऐकली. खोलीत ते हसणं जरा मोठंच वाटलं.

"देवस्थळी-सान," ते म्हणाले, "रागावू नका. तुमचा आवाज मी दहा वर्षं ऐकतो आहे. हा तुमचा वाटत नाही. तिथे इतर बायकाही असतील. हॉलमध्ये गोंगाट होता, सहा महिने झाले, माणसाची आठवण चुकते. या दुसऱ्या कोणी बाई असतील तर अजून चार दिवस आहेत, मी बसून अर्ज पुरा करतो. घाई नको. नीट ऐका आणि मग सांगा."

तो माणूस खोटं बोलायला सुचवत नव्हता. त्याला खरंच ओळखू आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा लावलं, आणि उल्काने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माझाच आहे," ती म्हणाली. "त्यात मी हसतेय, म्हणून तुम्हाला ओळखू येत नाहीये."